आबाजींचा ताळा

माझे वडील अकोल्याच्या एका शाळेत बीजगणित शिकवायचे आणि मी बीजगणितात ढ. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे मी एखादं समीकरण लिहिलं तर कुणी माझ्याकडून फार अपेक्षा ठेवणार नाही. मास्तराची पोरगी म्हणून अख्खा वर्ग माझ्याकडे बघायचा आणि मी खिडकीबाहेर बघायची. दहावीला गणितात काठावर पास झाले. बाबा निकाल बघून एवढंच म्हणाले, "चाल, सुटली एकदाची." मग मी नर्सिंग केलं, अमरावतीला नोकरी लागली, लग्नही तिथलंच झालं. क्ष आणि य यांच्याशी आपला संबंध आता संपला, असं मी धरून चालले होते.

माझी मुलगी नववीत गेली आणि तो संबंध पुन्हा गळ्यात पडला. आठवीपर्यंत पोरगी बरी होती. नववीच्या पुस्तकात आधी संच आले, मग बहुपदी, मग दोन चलांची समीकरणं, आणि तिची पार दांडी गुल झाली. शिकवणीचे सर म्हणायचे, बाजू बदलली की चिन्ह बदलतं, लिहून घ्या. ही लिहून घ्यायची. काहून बदलतं, हे विचारायची सोय नव्हती, कारण पुढच्या बॅचची पोरं दाराशी उभी असायची. मग घरी येऊन मला विचारायची. मला विचारणं म्हणजे भिंतीला विचारणं. दोन-तीनदा मी पुस्तक हातात घेऊन बसले, घाम फुटला, आणि शेवटी तिच्यावरच ओरडले, की वर्गात लक्ष कुठे असतं तुझं. ती रडायला लागली. त्या रविवारी तिला घेऊन मी अकोल्याला गेले.

बाबांच्या घरी पुढच्या व्हरांड्यात एक फळा आहे. निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या पोरांना फुकट शिकवायला त्यांनी तो भिंतीत ठोकून घेतला होता. त्यांनी नातीला फळ्यासमोर उभं केलं आणि पुस्तक बाजूला ठेवायला लावलं.

"समीकरण म्हणजे काय, माय? दोघं जणं एकच गोष्ट सांगून राहिले. पण वेगळ्या तोंडानं."

"आणि एक्स म्हणजे?"

"एक्स नाई, क्ष. क्ष म्हणजे आतमंधी कोणीतरी हाये, दार लावून बसलं. आवाजावरून वळखाचं का कोण हाये."

पोरगी हसली. महिन्याभरात मी तिला पहिल्यांदा पुस्तक समोर असताना हसताना बघितलं. बाबांनी मग तिला दाखवलं, की एका बाजूला काही केलं तर दुसऱ्या बाजूलाही तेच करायचं, नाही तर दोघांचं बोलणं जुळणार नाही. चिन्ह उडी मारत नाही, कुणी बाजू बदलत नाही, दोन्हीकडून तोच आकडा काढला एवढंच. मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होते. खरं सांगते, मलाही त्या दिवशीच कळलं. सख्ख्या बापाकडून कळायला मला चाळिशी लागली.

बाबांचा एकच हट्ट होता, ताळा. उत्तर आलं की ते मूळ समीकरणात क्षच्या जागी घालायचं आणि दोन्ही बाजू जुळतात का ते बघायचं. पोरांनी ताळा न करता "सर, बरोबर हाये का?" असं विचारलं की ते भडकायचे. "मले काय इचारतं? मी काय देव हाये? ताळा कर, तोच सांगते." अकोल्याच्या बाजारात अजूनही टक्कल पडलेले गृहस्थ त्यांना थांबवून म्हणतात, सर, आम्ही अजून ताळा करतो बरं का. बाबांना याचा फार अभिमान होता. आपण पोरांना आपल्यापासून मोकळं केलं, असं ते म्हणायचे. मास्तर मेला तरी पोरगं अडणार नाही.

तेव्हापासून आमचा रविवार ठरून गेला. सकाळी अमरावतीजवळच्या बडनेऱ्याहून गाडी, अकोल्यात स्टेशनपासून ऑटो, दुपारी आईच्या हातची गोळ्याची कढी, आणि संध्याकाळच्या आत परत. माझी ड्युटी असली की मी कुणाच्या तरी पाया पडून ती बदलून घ्यायची. मुलीचे मार्क वाढायला लागले. क्ष अधिक य बारा, क्ष वजा य चार, असली गणितं ती फळ्यावर उभ्या उभ्या करायची, आणि ताळ्याखाली रेघ मारून तिच्या आबाजींकडे, म्हणजे बाबांकडे, न बघताच खाली बसायची. बाबा मिशीत हसायचे.

बाबांचं बिघडायला लागलं ते गणितात नाही, हे मी मुद्दाम सांगते. आधी दूध आणायला जाऊन ते रिकाम्या हाताने परत आले. मग एकदा ऑटोवाल्याला शाळेचा पत्ता सांगून शाळेत जाऊन पोचले, निवृत्त होऊन इतकी वर्षं झाल्यावर. शिपायाने फोन केला. आई म्हणाली, "काई नाई झालं त्याईले. वय झालं का होते असं." मी तिच्यावर चिडले. मी दवाखान्यात रोज असली माणसं बघते, मला कळत नाही का? तिलाही कळत होतं, पण तिला त्यांच्यासोबत चोवीस तास राहायचं होतं आणि मला फक्त रविवारी यायचं होतं, हे माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही.

अकोल्यातल्याच डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी मेंदूचे फोटो काढायला लावले, गोळ्या लिहून दिल्या आणि मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते मीच दुसऱ्यांच्या नातेवाइकांना वॉर्डात सांगत असते. गेलं ते परत येणार नाही, राहिलेलंही हळूहळू जाईल, सांभाळा. आणि मग म्हणाले, "ज्यात गोडी होती, त्यात गुंतवून ठेवा. डोकं चालू राहिलं पाहिजे." नातेवाइकांनी बदाम सांगितले, अक्रोड सांगितले, कुणी म्हणालं शब्दकोडी द्या. बाबांनी शब्दकोड्याकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यांना गोडी होती ती एकाच गोष्टीत.

मग तोच रविवार उलटा झाला. दिसायला आबाजी नातीला शिकवत होते. खरं तर पोरगी त्यांच्यासाठी गणितं घेऊन येत होती. तिला मी सगळं सांगितलं होतं. लपवण्यात काय अर्थ होता, ती मोठी झाली होती. ती पुस्तकातली एक्सची गणितं फळ्यावर क्ष घालून, देवनागरी आकड्यांत लिहायची, म्हणजे आबाजींना परकं वाटू नये. आणि म्हणायची, "आबाजी, हे मला जमत नाही, तुम्ही करून दाखवा." सुरुवातीला ते झरझर करायचे. मग सावकाश. मग मधेच थांबून खडूकडे बघत राहायचे.

एक रविवार मला विसरता येत नाही. तिने फळ्यावर लिहिलं होतं:

५क्ष − ८ = २क्ष + १३

साधं गणित. आता मलासुद्धा येतं. उजवीकडचे दोन क्ष डावीकडे घेताना वजा करायचे, तीन क्ष राहतात, तिकडे एकवीस होतात, उत्तर सात. बाबांनी दोन क्ष मिळवले. सात क्ष बरोबर एकवीस, असं लिहिलं, आणि खाली क्ष बरोबर तीन. उत्तर कसं गोल गोल आलं बघा. अपूर्णांक आला असता तर त्यांना तिथेच शंका आली असती. ते खुशीत होते. सवयीने त्यांनी पुढे 'ताळा' हा शब्द लिहिला आणि त्याखाली रेघ ओढली.

डावी बाजू, पाच त्रिक पंधरा, वजा आठ, सात. उजवी बाजू, दोन त्रिक सहा, अधिक तेरा, एकोणीस. सात आणि एकोणीस. ते बघत राहिले. पुन्हा केलं. पुन्हा सात आणि एकोणीस. मग वरचं गणित बोट ठेवून ओळीओळीने तपासलं, सगळीकडे मान डोलावली, आणि खाली येऊन परत तेच. कुणी काही बोललं नव्हतं. कुणी त्यांना चूक म्हटलं नव्हतं. म्हणावंच लागत नव्हतं, तीच तर त्यांची शिकवण होती. मला वाटलं, दुसऱ्या कुठल्याही विषयाचे मास्तर असते तर बरं झालं असतं. इतिहासाचा मास्तर काहीही बोलला असता आणि आम्ही हो हो म्हटलं असतं. या माणसाला हो म्हणून फसवायची सोयच नव्हती. ज्या गोष्टीने डोकं टिकेल म्हणून आम्ही दर रविवारी त्यांना बसवत होतो, तीच गोष्ट त्यांना डोकं गेल्याचं तोंडावर सांगत होती. आणि मी, नोकरीला लागल्यापासून लोकांची दुखणी काढणारी बाई, ओल्या हाताने दारात उभी राहण्यापलीकडे काही करू शकत नव्हते.

"पुस्तकातच चूक असन," बाबा म्हणाले. आवाज बारीक झाला होता. आईने आतून चहासाठी हाक मारली. कढीला अजून उकळी आली नव्हती, चहाची वेळ नव्हती, तरी तिने चहा टाकला होता. ते खडू ठेवून हात धुवायला आत गेले.

पोरगी उठली. तिने फळ्याकडे नीट पाहिलं, ओठ हलवत काहीतरी हिशेब केला, आणि तेरामधले तीन बोटाने पुसून टाकले. राहिला एक. मला काही कळेना. मी खुणेने विचारलं, काय करतेस? तिने तोंडावर बोट ठेवलं.

बाबा चहा पिऊन बाहेर आले. पुन्हा फळ्यासमोर उभे राहिले. दोन त्रिक सहा, अधिक एक, सात. दोन्हीकडे सात. ते एकदा फळ्याकडे बघत होते, एकदा नातीकडे.

"जमलं ना, आबाजी?"

"हाव," ते म्हणाले. "जमलं."

परतीच्या गाडीत तिने मला समजावून सांगितलं. उत्तर चुकलं तर उत्तर बदलायचं, हे शाळेत शिकवतात. तिने प्रश्न बदलला होता. त्यांचं जे काही उत्तर येईल ते मनात धरायचं, डावीकडे किती होतात ते बघायचं, आणि उजवीकडेही तेवढेच होतील असा आकडा तिथे घालायचा. म्हणजे ताळा जुळतो. एवढं बीजगणित तिला आलं होतं, आणि ते या कामासाठी आलं होतं.

पुढच्या वेळी निघताना बाबा मला ऑटोपर्यंत सोडायला आले. पोरगी आत आजीकडून लोणच्याची बरणी बांधून घेत होती. बाबा फाटकाला धरून उभे होते. त्या दिवशी ते बरे होते, अगदी पूर्वीसारखे. मी त्यांना गोळ्यांबद्दल काहीतरी बजावत होते. त्यांनी मला मधेच थांबवलं.

"पोट्टी गणितं बदलते."

मी आतल्या दाराकडे बघितलं, पोरगी अजून आली नव्हती.

"तेरातले तीन पुसले तिनं त्या दिवशी. पण खाली एकवीस तसेच राहू देले. तेरा अन् आठ एकवीस. एक अन् आठ नऊ होतेत. येवढं समजते मले अजून."

"बाबा, तिच्या मनात..."

"मले मालूम हाये तिच्या मनात काय हाये. तिले सांगू नको मले समजते म्हून. मी चुकलो का तिचं तोंड पाहवत नाई मले. जमलं म्हटलं का खूश होते. होऊ दे." मग म्हणाले, "मले समजून राह्यलं तोवर काई भेव नाई."

मी ऑटोत बसले आणि पदर तोंडाला लावून घेतला. पोरीने विचारलं तर डोळ्यात धूळ गेली म्हणून सांगितलं. आता माझ्याकडे दोघांचंही गुपित होतं आणि दोघांपैकी कुणालाच सांगायचं नव्हतं. ही त्यांना वाचवत होती, ते हिला वाचवत होते, आणि मी मधे बसून लोणच्याची बरणी सांडू नये म्हणून धरून ठेवली होती.

त्यानंतर मी रविवारी स्वयंपाकघरात थांबेनाशी झाले. भाजी निवडायचं निमित्त करून व्हरांड्यातच बसायची. माझं लक्ष फळ्याकडे नसायचं, बाबांकडे असायचं. चूक व्हायची, ताळा चुकायचा, आई चहाला हाक मारायची, ते आत जाऊन यायचे, तोवर आकडा बदललेला असायचा. ते फळ्यासमोर उभे राहून ताळा करायचे, जुळला की "जमलं" म्हणायचे, आणि मग फक्त मला दिसेल अशी एक भुवई वर करायचे. बस, तेवढंच. त्या एका भुवईसाठी मी बडनेऱ्याहून यायची. ती दिसली की आठवडा निघायचा. दवाखान्यात, बसमध्ये, भाकरी थापताना मी स्वतःला सांगायची, अजून आहेत, आत आहेत, त्यांना कळतंय. बाकी काय गेलं आणि काय राहिलं याची मोजदाद मी सोडून दिली होती. आईचं नाव त्यांना कधी आठवायचं, कधी नाही. मी तिकडे दुर्लक्ष करायची. वाईट वाटतं लिहायला, पण तसंच होतं.

उन्हाळा लागला. पोरीची परीक्षा झाली, गणितात तिला वर्गात वरचे मार्क पडले. गणिताच्या बाईंनी तिला विचारलं, तुला उत्तरावरून उलटी गणितं इतकी पटकन कशी तयार करता येतात? त्या रविवारी ती निकाल घेऊन अकोल्याला आली. बाबांनी कागद हातात घेतला, सरळ केला, उलटा केला आणि परत दिला. व्हरांड्यात कूलर लावला होता तरी गरम वारा येत होता. आई म्हणाली, आज राहू द्या, लय ऊन आहे. पण बाबा आपणहून फळ्यासमोर जाऊन उभे राहिले, म्हणून पोरीने एक गणित लिहिलं:

४क्ष + ३ = २क्ष + १५

बाबांनी मधली एकही ओळ लिहिली नाही. थोडा वेळ उभे राहून एकदम खाली लिहिलं, क्ष बरोबर दोन. कुठून आले दोन, देव जाणे. पण ताळा मात्र त्यांनी केला. हात आपोआपच करत होता. डावीकडे चार दुणे आठ अधिक तीन, अकरा. उजवीकडे दोन दुणे चार अधिक पंधरा, एकोणीस. अकरा आणि एकोणीस. खडू फळ्याला टेकवून ते तसेच उभे राहिले.

आईने चहाला हाक मारली. ते हलले नाहीत. तिने पुन्हा हाक मारली. त्यांनी ऐकलंच नाही. पोरीने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार होते? त्यांच्या कपाळावर घाम होता, आता रडतील असं वाटलं. बाबांना रडताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मग पोरगी पुढे झाली. त्यांच्या शेजारी, त्यांच्या खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ उभी राहिली, त्यांच्या डोळ्यांदेखत पंधरा पुसले आणि तिथे सात लिहिले. ते तिच्या हाताकडेच बघत होते. हात खाली येईपर्यंत बघत होते. मग वाकून त्यांनी पुन्हा केलं. दोन दुणे चार, अधिक सात, अकरा. एकोणीस पुसून अकरा लिहिले.

"जमलं," बाबा म्हणाले, आणि इतके खुशीत हसले की त्यांच्या वरच्या पडलेल्या दाताची फट दिसली.

मी भाजीची परात खाली ठेवली. मी त्यांच्याकडे बघत होते. म्हटलं, आता वळतील. आता भुवई वर होईल. ते वळलेही. माझ्याकडे बघून हसले, पाहुण्यांकडे बघून हसतात तसे, आणि म्हणाले, "आल्या का तुमी? बसा ना. गणित चालू हाये."

मी बसलेच होते. मी पुन्हा बसले.

परतताना गाडीने मूर्तिजापूर सोडलं. मग पोरीने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं.

"आई, आज मी किती घाबरले होते माहितेय? त्यांच्या समोरच बदललं. वाटलं, आता पकडतात मला."

"हं."

"त्यांना अजिबात कळलं नाही. अजिबात. किती खूश होते ना?"

"हो," मी म्हटलं. "खूश होते."

तिने पिशवीतून पुस्तक काढलं आणि मांडीवर उघडून पानं चाळायला लागली. मी बाहेर बघत होते. काळ्या रानात नांगरट झाली होती, दुसरं काही बघायला नव्हतं. तिने एका गणितावर बोट ठेवून ते माझ्यासमोर धरलं. पुढच्या रविवारी आबाजींना हे देऊ का, म्हणाली.

"सोपं बघ," मी म्हटलं.

"हे सोपंच आहे, आई."

"याच्याहून सोपं."